पाच बोटांची बाई

दार आतून लावलेलं होतं आणि बाहेर गल्लीत ताणा वाळत होता.

दत्तूनं पहाटे एकट्यानं ताणा पसरला होता. खळही एकट्यानंच लावली. मग कुंचा घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत सुटला. पांजणी हे एकट्याचं काम नाही. मागावर चढवायच्या आधी उभ्या धाग्यांना भाताची खळ पाजतात आणि दोन्ही बाजूंनी माणसं कुंचे मारत चालतात. हात थांबले आणि ऊन आलं की धागे एकमेकांना चिकटतात, ताण्याची फळी होते. म्हणून आमच्या विणकरांच्या गल्लीत रीत होती. ज्याचा ताणा बाहेर दिसला त्याच्याकडे घरटी एक माणूस जायचं. बोलावणं करायचं नाही. बोलवावं लागलं तर तो त्याचाही अपमान आणि तुमचाही.

त्या दिवशी कोणी गेलं नाही. सगळे आपापल्या दारात होते. कोणी राखुंडीनं दात घासत होतं, कोणी पोराचं तोंड धूत होतं. बघत मात्र सगळे होते. मी विधवा. नव्या ताण्याला विधवेचा हात लागू देत नसत. मी ओट्यावर सुताच्या कांड्या भरत बसले होते.

दत्तू धावता धावता मधेच उभा राहिला. कुंचा खाली ठेवला, फेकला नाही. घरात जाऊन बाहेर आला आणि मागावर आडवं सूत नेणारा आपला धोटा त्यानं माझ्या पायाशी ठेवला.

"काकू, हा तुमच्यापाशी राहू द्या."

"काहून गा?"

तो आत गेला. कडी लागल्याचा आवाज मला स्पष्ट आला. विणकर आपला धोटा दुसऱ्याला देत नाही. बाप मेल्यावर लेकाला मिळतो, तेवढंच. मी धोटा उचलून हातात घेतला.

तेवढ्यात मोहरीर बाईंची सायकल वळली. त्यांनी ताणा पाहिला, दारातली माणसं पाहिली, माझ्या हातातला धोटा पाहिला.

"दत्तू कुठे आहे?"

मी दाराकडे बोट केलं. बाईंनी सायकल उभी केली नाही, सोडून दिली. ती पडली आणि चाक फिरत राहिलं. त्या दारावर थापा मारायला लागल्या. "दत्तू! मी आहे. दार उघड." आतून आवाज नाही. मग त्या गल्लीकडे वळून ओरडल्या, "दार तोडायचं आहे. कोणीतरी या!"

कोणी हललं नाही. दत्तूचा मोठा भाऊ नारायण शेजारच्याच घरात राहत होता. तो नळावर बादली धरून उभा होता. म्हणाला, "नाटकं आहेत त्याचे. भूक लागली का येईन बाहेर."

मी पहार आणायला उठले. पहार घेऊन वळते तर बाई दारापासून लांब गेल्या होत्या आणि त्यांनी ताण्याजवळचा कुंचा उचलला होता.

ही बाई कोण, ते आता सांगते.

आणीबाणी लागायच्या आधीची गोष्ट. एका मोठ्या डॉक्टरचा डोक्याच्या आजाराचा खासगी दवाखाना होता. डॉक्टरचं नाव लिहीत नाही. मोहरीर बाई तिथं नोकरीला होत्या. डॉक्टर नव्हत्या. रोग्याच्या घरी जायचं, माणसांशी बोलायचं, आणि येऊन डॉक्टरला सांगायचं, हे त्यांचं काम. गल्लीतले लोक त्यांना पागलखान्याची बाई म्हणत. बाईंना ठाऊक होतं. एकदा चौकातल्या पानठेल्यावर त्यांनी पत्ता विचारला तेव्हा स्वतःच म्हणाल्या, "पागलखान्याची बाई जिथे जाते ते घर कोणतं हो?" पानवाल्याचा चुना हातावर सांडला.

उंच, हाडकुळी बाई. चाळिशीची असेल. सुती पातळ, गळ्यात काही नाही, कपाळावर काही नाही, आणि दाढेखाली कायम एक लवंग. बोलताना ती लवंग या गालातून त्या गालात जायची. सायकल पुरुषी, मधे दांडी असलेली. दांडीला पंप बांधलेला. बायका त्या दांडीवरूनच हसायच्या. सायकल ठेवायला जागा माझ्या ओट्याखाली होती म्हणून त्या माझ्याकडे टेकायच्या. आधी चहा घ्यायच्या नाहीत. काम झालं की घ्यायच्या, आणि मग साखर जास्त मागायच्या.

त्यांनी कोणाला कधी "बरं होईल" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. खोटी गोड बाई नव्हती. मला आवडली ती त्यामुळे.

त्या आल्या दत्तूसाठी. दत्तूला बायको नको होती. त्याला उमरेडचा माणिक हवा होता. माणिकही विणकरच. लुगडी घेऊन इथल्या बाजारात यायचा आणि दत्तूकडे उतरायचा. आता यासाठी टीव्हीवर चांगले शब्द आहेत. तेव्हा जे शब्द होते ते मी कागदावर आणत नाही. दत्तूसाठी मुलगी पाहिली होती, त्यानं नाही म्हटलं, आणि त्याच सुमारास नारायणला काय दिसायचं ते दिसलं. नारायणनं त्याला धरून त्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, हा रोग आहे, विजेचे शॉक देऊ, सुधारेल. काही शॉक दिलेही. दत्तू घरी आला तेव्हा त्याला माझं नाव आठवेना. मला "ओ समोरच्या" म्हणायचा.

बाईंना हे पसंत नव्हतं. त्या डॉक्टरशी भांडल्या. त्यांचं म्हणणं, याला रोग नाही. याला झोप नाही, भूक नाही, मरावंसं वाटतं, हे खरं. पण ते माणिकमुळे नाही, लोकांमुळे आहे. लोक थांबले तर हेही थांबेल. डॉक्टर म्हणाले, असं नुसतं म्हणून चालत नाही. मोजून दाखवा. दिवाळीनंतर त्याला परत भरती करायचं आहे, त्याच्या भावाची सही झालेली आहे. तोवर दाखवा.

म्हणून बाई सायकल घेऊन आमच्या गल्लीत आल्या. शॉक थांबवायचे तर मोजायला हवं होतं. लोक किती वाईट वागतात ते मोजायचं, आणि दत्तूला आत किती लागतं ते मोजायचं. मी म्हटलं, "बाई, हे काय धान्य आहे मापानं मोजायले?"

"धान्य नाही म्हणून तर कोणी मोजत नाही, अनसूयाबाई," त्या म्हणाल्या.

दत्तूचं मोजणं त्यांनी कसं केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या दिवशी तो त्यांच्याशी बोलेना. मागावर बसून राहिला, धोटा इकडून तिकडे टाकत. बाई त्याच्या बाजूला जमिनीवर बसल्या आणि मागावरच्या लुगड्यावरून हात फिरवायला लागल्या. एका जागी हात थांबला. तिथं वीण सैल होती. आंधळ्यालाही कळली असती.

"इथे काय झालं?"

दत्तूनं आणखी दोनदा धोटा टाकला. मग म्हणाला, "त्या दिवशी भाऊनं माहं ताट वेगळं काढलं."

"आणि इथे?"

"भाऊच्या पोट्टीले मी उचललं होतं. वहिनीनं हातातून ओढून घेतलं."

"आणि हे इतकं घट्ट?"

"तवा माणिक आल्ता."

बाईंनी लवंग या गालातून त्या गालात नेली. मान हलवली नाही, हं म्हटलं नाही. त्यानंतर दर वेळी त्या आधी लुगड्यावर हात फिरवायच्या आणि मग विचारायच्या. झोप लागली का. भाकर किती गेली. आणि शेवटी एकच प्रश्न, कायम तोच: "उद्या कोणाला तुझी गरज आहे का?" सुरुवातीला दत्तू म्हणायचा, "काय मालूम." पुढं पुढं म्हणायला लागला, "मागाले आहे." बाई तेवढ्यावर खूष व्हायच्या. खूष झाल्या की माझ्याकडे दुसरा कप मागायच्या.

गल्लीचं मोजणं मात्र वेगळं होतं. बाई हाताची पाच बोटं मिटून मूठ करायच्या आणि घराच्या पायरीवर बसून विचारायच्या. असा एखादा माणूस असेल, ज्याला बाई नको, पुरुषच हवा. रस्त्यात भेटला तर त्याला राम राम घालाल? हो म्हटलं तर अंगठा उघडायच्या. त्याच्या हातचा चहा प्याल? दुसरं बोट. पांजणीला त्याच्या ताण्याशी उभे राहाल? मधलं. तुमचं लेकरू त्याच्या कडेवर द्याल? चौथं. तो मेला तर त्याला खांदा द्याल? करंगळी. आणि कोणी मनातलं सांगायला लागलं की अडवायच्या. "वाटतं ते सांगू नका. कराल ते सांगा." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरं मागून हेच वाक्य बोलत धावायची.

गल्लीला करमणूक झाली. गिरजा म्हणून एक होती, तोंडाची फाटकी. ती म्हणाली, "खांदा? बाई, तो माह्यापेक्षा लहान आहे. तो मले खांदा देईन का मी त्याले? अन् बायामाणसं कवा खांदा देते वं?"

"तुमच्या घरचे पुरुष देतील का ते सांगा."

"आमच्या घरचा पुरुष सासऱ्यालेच खांदा द्यायले नाई गेला, पाय दुखते म्हणे."

टोकाच्या घरी किसनबुवा होते. भजनात टाळ वाजवायचे. त्यांनी प्रश्न पुरता ऐकून घेतला. म्हणाले, "तो ढोलकी वाजवते का?"

बाई म्हणाल्या, "वाजवत असेल तर?"

"तर सारी बोटं उघड. आमच्या भजनाले ढोलकीवाला नाई."

चौकातल्या टवाळ पोरांनी एकदा बाईंच्या सायकलची हवा सोडली. बाई आल्या, काही न बोलता पंप काढला, हवा भरायला लागल्या. एक जण म्हणाला, "पागलखान्याच्या बाई, आम्हालेबी मोजा ना."

"या," बाई म्हणाल्या. पंप बाजूला ठेवला, मूठ पुढं केली. "एक बाई आहे. लग्न केलं नाही, करणार नाही. पुरुषी सायकल चालवते. एका मैत्रिणीबरोबर एका खोलीत राहते. तिला राम राम घालाल?"

पोरं एकमेकांकडे पाहायला लागली. एक खिदळला. दुसरा म्हणाला, "चला बे." गेले सगळे. बाईंची मूठ तशीच मिटलेली होती. मग त्यांनी पंप उचलला.

मी हे ऐकलं. विचारलं काही नाही. चहात साखर घातली.

गल्लीनं बाईंना बरीच बोटं उघडून दिली. राम रामला सगळे तयार. चहाला निम्मे. लेकरू द्यायला कोणी नाही. पण पांजणीला उभं राहू, असं जवळजवळ प्रत्येक घरानं म्हटलं. कामात कसला विटाळ, असं म्हणाले. बाईंचा चेहरा त्या दिवशी उजळलेला होता. म्हणाल्या, "मधलं बोट उघडं आहे, अनसूयाबाई. कामावर धरलं तर माणूस तरतो."

मला तेव्हाच सांगायचं होतं ते मी सांगितलं. "बाई, यायले तवा कोणाबद्दल विचारलं ते मालूम नव्हतं."

"म्हणजे?"

"दत्तूचं कोणालेच मालूम नव्हतं. त्यायले वाटे डोक्याचा ताप आहे, म्हणून दवाखान्यात नेलं. तुम्ही विचारून गेल्या अन् संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीनं ओळखलं. दवाखान्यात गेलेला मानूस गल्लीत एकच आहे ना वं बाई."

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला. दवाखान्यात नारायणनं डॉक्टरला सांगितलं होतं, सारी गल्ली याच्यावर थुंकते, आम्हाला तोंड दाखवायला जागा नाही. बाईंनी ते खरं धरलं होतं. त्यांना वाटलं, सगळ्यांना माहीत आहे, आपण फक्त मोजतो आहोत. नारायण आपल्या लाजेपायी बोलला होता. थुंकत होता तो एकटा आणि त्याची बायको.

"मला कळायला हवं होतं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला नाही कळलं तरी मला."

मग मी विचारलंच. "तुमच्या घराकडचे किती बोटं उघडते?"

बाईंनी पंजा उघडला. पाचही बोटं. "घरमालकाला माहीत नाही तोवर एवढी," म्हणाल्या, आणि मूठ मिटली.

त्यानंतर गल्ली बदलली. कोणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही. गिरजाची पोरं दत्तूच्या मागाशी खेळायची, ती यायची बंद झाली. नळावर तो आला की बायका आपल्या घागरी बाजूला घ्यायच्या, आधी तू भर म्हणायच्या, तो लवकर जावा म्हणून. दत्तूनं मागावरून लुगडं उतरवलं ते मी पाहिलं. सगळंच सैल होतं. बाई येऊन हात फिरवायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. शेवटच्या प्रश्नाला तो म्हणाला, "मागाले आहे म्हटलं होतं ना मी? मागाले कोणीबी चालते."

बाई दवाखान्यातून सुटल्या की रोज यायला लागल्या. मला म्हणाल्या, लक्ष ठेवा. दत्तूला म्हणाल्या, नवा ताणा कधी लावतोस? मी येईन. त्याला धीर यावा म्हणून. लोकांनी हो म्हटलेलं होतं, त्यावर त्यांचा अजून भरवसा होता. पांजणीला बोलावणं करत नाहीत, ही रीत त्यांना मी सांगितलेली नव्हती. मला सांगायचं सुचलंही नाही. आमच्यात ते कोणी सांगत नाही. आणि ज्या गल्लीत बोलावणंच नाही तिथं नाही म्हणायलाही लागत नाही. नुसतं दारात उभं राहिलं की झालं.

तर बाईंनी कुंचा उचलला.

त्यांनी आयुष्यात कधी ताण्याला हात लावलेला नव्हता. झाडू मारावा तसा त्यांनी कुंचा मारला. धागे ज्या दिशेनं ताणलेले त्याच्या उलट. कुंच्याचा खरखर आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला. एक धागा तुटला, दुसरा तुटला. गिरजा हसली.

मी ओट्यावरून ओरडले, "अवं बाई, उलटा नको मारू! धागे तुटून राहिले!"

"मग या आणि दाखवा," बाई म्हणाल्या. माझ्याकडे न पाहता.

एकटीच्यानं दार तुटणार नव्हतं. मी पहार ठेवली आणि उतरले. दुसरा कुंचा उचलला आणि ताण्याच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिले. नारायणची बायको म्हणाली, "अनसूया, रांडमुंड बाई तू, नव्या ताण्याले हात लावतं?" मी लावला. काही झालं नाही. पुढं ते लुगडं विकलंही गेलं.

मी सरळ मारत होते, बाई उलट्या. मी सांगत होते आणि त्यांना जमत नव्हतं. ऊन पार ताण्याच्या खुंटापर्यंत आलं होतं. बाईंच्या तोंडावर घाम होता, लवंग गिळली गेली असावी, कारण त्या खोकत होत्या आणि मारत होत्या. आणखी धागे तुटले. त्या दारातून काहीच आवाज नव्हता. मी मनात म्हटलं, आपण मेलेल्याचा ताणा पांजतोय.

मग आतून दत्तू ओरडला. घोगरा आवाज. "कोण होय ते? उलटा कुंचा कोण मारून राहिलं?"

बाई थांबल्या नाहीत. "मी!" म्हणाल्या. "मला येत नाही!"

मग काही तरी पडल्याचा आवाज झाला, आणि कडी निघाली.

दत्तू बाहेर आला. डोळे लाल, सदरा गळ्यापाशी फाटलेला. तो कोणाकडे न पाहता सरळ आला आणि त्यानं बाईंच्या हातातून कुंचा हिसकावला. "सोडा. सारा ताणा खराब केला." बाईंनी सोडला. त्या तिथंच, गल्लीच्या मधे, खाली बसल्या. दत्तू माझ्या समोरच्या बाजूनं कुंचा मारायला लागला. आत काय तयारी होती ते मी नंतर पाहिलं. ते आवरलंही मीच. लिहीत नाही.

टोकाच्या घरातून किसनबुवा उतरले, धोतर खोचत. त्यांनी तिसरा कुंचा घेतला. बाकी गल्लीतून कोणी आलं नाही. आलं असतं असं लिहायला मला बरं वाटलं असतं, पण नाही आलं. अर्धा ताणा गेला, अर्धा वाचला.

नंतर मी बाईंना विचारलं, उलटा कुंचा मुद्दाम मारला का, त्यानं बाहेर यावं म्हणून? त्या म्हणाल्या, "नाही हो. मला खरंच येत नव्हतं. दारावर थापा मारून मी त्याला बाहेर ये म्हणत होते. बाहेर काय होतं? वाळणारा ताणा आणि बघणारी माणसं. मग आधी बाहेर काही तरी करायला पाहिजे, एवढंच सुचलं."

दिवाळीनंतर त्या दत्तूला घेऊन डॉक्टरकडे गेल्या. तिथलं मला दत्तूनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बघा, जीव द्यायला निघाला होता, म्हणजे रोग वाढला, भरती करा. बाई म्हणाल्या, "मी गल्लीत प्रश्न विचारायच्या आधी हा पुन्हा जेवायला लागला होता, विणत होता. मी विचारल्यावर गल्लीला कळलं. कळल्यावर यानं दार लावलं. यात याच्यात काय बदललं? काही नाही. फक्त लोकांना कळलं. तुम्हाला मोजून हवं होतं ना? माझ्या चुकीनं मोजलं गेलं. याहून चांगलं माप माझ्याकडे नाही. ही माझी चूक तुमच्या कागदावर माझ्या नावानं लिहा, आणि याचे शॉक थांबवा."

डॉक्टरनं दोन्ही केलं. शॉक थांबवले, आणि चूक लिहून बाईंना नोकरीवरून काढलं. रोग्याची गोष्ट बाहेर फोडली म्हणून. बाईंनी ते बरोबरच आहे म्हटलं. त्यात त्यांनी वाद घातला नाही.

मी त्यांच्या खोलीवर एकदाच गेले, धरमपेठेत. काटोलहून आलेली संत्री घेऊन गेले होते. त्यांच्या मैत्रिणीनं दार उघडलं. शाळेत मास्तरीण होती, गोरी, ठेंगणी, हसरी. खोलीत दोन खाटा होत्या, भिंतीच्या दोन टोकांना. एका खाटेवर भांडी आणि कपडे रचलेले होते. मी आंधळी नाही. मी संत्री सोलली, तिघींनी खाल्ली. बाईंनी बिया तळहातावर गोळा केल्या. माणिकची बातमी मी त्यांना तिथं दिली. त्याचं घरच्यांनी लग्न लावलं होतं आणि त्या हिवाळ्यात उमरेडच्या तळ्यावर त्याच्या चपला सापडल्या. बाईंनी विचारलं, "तिकडे त्याच्याकडे कोण जात होतं?" मी म्हटलं, "कोणी नाई." त्या बराच वेळ बिया या हातातून त्या हातात करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी पत्ता विचारायला हवा होता." दत्तूला मी आठ दिवस एकटं सोडलं नाही.

मग बरीच वर्षं भेट नाही. बाई कुठंशी शिकवणीला जातात असं ऐकलं.

शेवटचं पाहिलं ते सीताबर्डीला. गल्लीतले निम्मे माग तोवर बंद पडले होते. मी नातवासाठी स्वेटर घ्यायला गेले होते. समोरून दोन सायकलरिक्षा आल्या. पहिलीत गाद्या, स्टो, डबे, आणि वर बांधलेली ती पुरुषी सायकल. दुसरीत बाई आणि त्यांची मैत्रीण, मांडीवर देव्हारा धरून. घर बदलत होत्या. कितव्यांदा ते ठाऊक नाही. भर दुपारी, सणासुदीच्या दिवसांत कोणी आपणहून घर बदलत नाही. घरमालकाला कळलं असणार. मैत्रीण रडलेली दिसत होती. बाई नाही. त्या ताठ बसल्या होत्या आणि गालात लवंग होती.

मी हाक मारली, "मोहरीर बाई!"

त्यांनी वळून पाहिलं. ओळखलं. पहिला प्रश्न तोच: "दत्तू?"

"आहे!" मी ओरडले. "विणते! भजनात ढोलकी वाजवते!"

"झोपतो?"

"घोरते!"

बाई हसल्या. त्यांना मी हसताना तेवढंच पाहिलं. रिक्षा पुढं गेली, त्यांनी हात वर केला. बोटं किती उघडी होती ते गर्दीत दिसलं नाही. पुढं त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. कोणी सांगितलं नाही आणि मला विचारायला कोणी ठाऊक नव्हतं.

धोटा मी पांजणीच्या दिवशीच संध्याकाळी दत्तूला परत दिला होता. आता माग नाही, धोटा त्याच्या खिडकीत आहे. किसनबुवा मेले तेव्हा दत्तूनं खांदा दिला, आणि कोणी अडवलं नाही. नारायण गेला, तेव्हाही दिला. माणिक जगला नाही. दत्तू जगला. समोरच्या घरात राहतो, गुडघे दुखतात म्हणतो, आणि आज सकाळी माझ्याकडून साखर घेऊन गेला.